दिवस मावळायच्या आत

त्र्याहत्तर साली नॉर्वेच्या पार उत्तर टोकाला प्राकृत भाषेची आठवडाभराची परिषद होती. बोलावणं आलं होतं कस्तुरीला. पण प्राध्यापक असलेल्या पायगोंडाकाकांनी तिच्या वडिलांचे कान भरले. "लग्नाची पोर. तिकडं दिवस मावळल्यावर जेवंल, व्रत मोडंल." आणि तिचा निबंध घेऊन स्वतःच जायला तयार झाले. सांगलीच्या जैन बस्तीत, म्हणजे देवळात, सत्कार झाला, तेव्हा भरल्या समाजासमोर त्यांनी शपथ घेतली, "सूर्य डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिकडंही घास घेणार नाही!"

वर प्रवासाची माहितीही कस्तुरीनंच वाचून सांगायची. तिनं अगदी जीव लावून सांगितली. मोजे लोकरीचे घाला, निबंध हातातल्या पिशवीत ठेवा, बर्फात चपला चालायच्या न्हाईत. दशम्या आणि भडंगाचा डबाही तिनंच भरला.

"आणि दिवस मावळायच्या आत जेवायचं कसं जमायचं गं?"

"त्याचा घोर नको, काका. डिसेंबरात तिथं दिवस मावळतच न्हाई."

काका समाधानानं हसले. कस्तुरीनं डब्याचं झाकण दाबून बसवलं. डिसेंबरात तिथं तो उगवतही नाही, एवढं मात्र तिनं सांगितलं नाही.