तान्हूबाईचा मोगरा

आठवणीतला मोगऱ्याचा वास दिला, की तान्हूबाई गुरविणीच्या लेकीला काचेखालच्या वस्तीत, शुद्ध हवेत, कायमची जागा मिळणार होती. दिलेला वास आपल्यापाशी उरत नाही, हे तिला आधीच सांगितलं होतं. पण म्हातारीच्या नाकाला आता शिंकण्यापलीकडे काम तरी काय होतं?

वास विकत घेणाऱ्या, वस्तीतल्या बागवाल्यांनाही सौदा झकास वाटला. खरा मोगरा जगातून कधीच गेलेला, आणि ही बाई जन्मभर देवळात हार करणारी. त्यांनी यंत्र लावलं, तिच्या मनात सगळ्यात खोल मुरलेला वास उपसला आणि बागेतल्या प्लास्टिकच्या कळ्यांत भरला.

उद्घाटनाला लेक शेवंता कळीवर वाकली आणि चरकली. तेल, दूध, वेखंड.

"आये, हा कसला मोगरा? हा तर तान्ह्या बाळाच्या टाळूचा वास!"

"मग तुझ्याच टाळूचा असेल. देवाचं फूल कधी हुंगलंय का मी? हुंगलेलं देवाला चालतं होय?"

"हे त्यांना सांगायचं नाही का?"

"त्यांनी विचारलं कुठे?"

मागे रांगेतले लोक मोगऱ्याची वाहवा करत होते. शेवंताने रडत आईच्या कुशीत डोकं घातलं. म्हातारीने सवयीने तिची टाळू हुंगली, पुन्हा हुंगली, आणि रस्त्यावरच्या परक्या बाईला थोपटावं तसं तिला थोपटलं.

"उगी हं," ती म्हणाली. "लोक बघतायत."

बागेला मोगरा मिळाला. म्हातारीचं काय गेलं, ते तिला कधी कळणार नव्हतं. कळलं ते शेवंताला, आणि शुद्ध हवेत तिला अजून पुष्कळ जगायचं होतं.