सगळं पटलेली माणसं

“स्वर्गात कंटाळा येईल, गुरुजी. मी नाही जात,” असं म्हणून म्हाताऱ्या सुताराने भिंतीकडे तोंड फिरवलं.

धर्मगुरू खाटेशेजारी अवघडून बसले होते. डॉक्टरांनी दोन-चार दिवसच सांगितले होते. म्हाताऱ्याने नुसतं ‘हो’ म्हणायचं, बाकीची प्रार्थना धर्मगुरू म्हणणार होते. पण ज्याने जन्मभर कुणाचं मुकाट्याने ऐकलं नाही, तो मरताना कशाला ऐकतोय?

त्याची बायको मात्र खाटेच्या पायथ्याशी येऊन बसली. वरचं जग तिला पलीकडच्या गल्लीइतकं खरं वाटायचं. तिथे आपण एकटीच जाणार आणि हा माणूस कायमचा मागे राहणार, या भीतीने दोन दिवस तिला घास उतरला नव्हता.

“अहो, हो म्हणा ना. एवढं एक तरी ऐका माझं.”

“कशाला? आज छान, उद्या छान, परवाही छान. हजार वर्षांनी तरी माणूस वैतागेल की नाही?”

“देव वैतागतो का?”

“त्याला सवय आहे.”

सेहेचाळीस वर्षं हेच चाललं होतं. तो खुर्च्या बनवायचा, ती त्यांच्या बैठकी वेताने विणायची. “खुर्ची डुगडुगते,” ती म्हणायची. “जमीनच वाकडी आहे,” तो म्हणायचा. तेवढ्यावरून ताटातलं जेवण गार व्हायचं. आलेलं गिऱ्हाईक आपलं काम विसरून ऐकत उभं राहायचं.

धर्मगुरू समजुतीच्या सुरात म्हणाले, “बाबा, तिथे कंटाळा नाही. तिथे पूर्ण शांती आहे. तंटा नाही, वाद नाही. सगळ्यांना सगळं पटलेलं असतं.”

“कशावरूनच वाद नाही?” बायकोने विचारलं.

“कशावरूनच नाही.”

“नवरा-बायकोतसुद्धा?”

“अजिबात नाही.”

ती उभी राहिली. आठवड्याची एकही प्रार्थना जिने कधी चुकवली नाही, ती ही बाई.

“मग माझंही नाव कापा.”

“बाई, काय बोलताय हे?”

“बरोबर बोलतेय. या माणसाला एक गोष्ट पटवायला मला अख्खा जन्म पुरला नाही. म्हणून तर तुमचा अनंतकाळ हवा होता मला. सगळं पटलेला नवरा घेऊन मी काय करू? असला स्वर्ग देवालाच लखलाभ होवो.”

धर्मगुरू जायला उठले. तीन दिवस चमच्याने पाणी पिणारा म्हातारा इकडे वळला. कोपरावर भार देत, धापा टाकत तो उठून बसला. त्याचे डोळे कधी नव्हे ते चमकत होते.

“काहीतरीच बोलू नकोस,” तो बायकोला म्हणाला. “देवाला एवढी अक्कल नसेल होय? मी जाणार आहे तिथे. आणि तूही येणार आहेस.”

“मी नाही येत.”

“बसा, गुरुजी,” म्हातारा म्हणाला. “प्रार्थना सुरू करा. हिला पटवायला मला फार वेळ लागणार आहे.”