ओढा येतो

“गावात पूर येतो का?” नगरहून आलेल्या वृषाली मॅडमनं विचारलं. कुठल्या गावाला कोणत्या आपत्तीचा धोका, याची पाहणी चालली होती. हातात टॅब, पायात पांढरे बूट.

लिंबाखालची रिकामटेकडी माणसं हसली. मच्छिंद्र सगळ्यांत मोठ्यानं. “मॅडम, दुष्काळी गाव हाय. प्यायला टँकर येतो, पूर कुठनं यायचा?”

“कधीच नाही?”

“बापजाद्यात न्हाई.”

तिनं पुरापुढं शून्य टाकलं. खाली दोनशे पावलांवर अंगणवाडी दिसत होती. टॅबमध्ये अंगणवाडीच्या नावापुढं हिरवा रंग आला.

“सुरक्षित,” वृषाली पुटपुटली.

अंगणवाडीतून नातीला आणायला निघालेली राहीबाई ते ऐकून थांबली. पलीकडं डोंगरावर ढग काळाकुट्ट होऊन बसला होता. इथं मात्र डोक्यावर रखरखीत ऊन.

“मच्छिंद्रा, तुझी गाभण म्हैस कुठं गेली रं?”

“आता तिचं काय काढलं, काकी? दोन सालामागं ओढ्यानं न्हेली की.”

“आन् सहादेवाचं पाण्याचं इंजिन?”

“ते बी ओढ्यानंच न्हेलं.”

“मग पूर आला न्हवता व्हय?”

“पूर कुठला? ओढा आला हुता.”

वृषालीचं बोट टॅबवर थबकलं. “ओढा आला म्हणजे? ओढा तर इथे आहेच ना?”

“नुसता हाय न्हवं, बाई. डोंगरावरनं येतो,” राहीबाई म्हणाली. “ह्यांच्या लेखी पूर म्हंजी नदीचा. नदी हाय तीन कोसावर. म्हनून न्हाई म्हनत्यात. अक्कलच तेवढी.”

वृषालीनं पुन्हा खाली पाहिलं. अंगणवाडीच्या दोन्ही अंगांना दरड होती. दारापुढं तिला जे मैदान वाटलं होतं, ती ओढ्याची वाळू होती.

“आजी, डोंगरावर पाऊस झाला तर पाणी इथे यायला किती वेळ लागतो?”

राहीबाईनं डोंगराकडं पाहिलं. पदर खोचून ती उताराला लागलीसुद्धा.

“अश्विनी! पोरं काढ भाईर!”

अंगणवाडीची अश्विनी पळी घेऊनच दारात आली. “काकू, आत्ता तर खिचडी वाढलीय.”

“ताटासकट काढ.”

“काकी, थेंब न्हाई आन् पळताय कशापायी?” मच्छिंद्र वरून ओरडला. पण ओरडता ओरडता तोही खाली आला आणि दोन पोरं खांद्यावर टाकून चढू लागला. वृषालीनं दोघांना काखोटीला मारलं. पांढरे बूट वाळूत रुतत होते. राहीबाईनं तीन खेपा केल्या. नात रडत होती, हात पसरत होती. तिला राहीबाईनं सगळ्यांत शेवटी उचललं. आधी परक्याची.

पोरं दरडीवर बसून खिचडी खाऊ लागली. खाली वाळू कोरडी ठणठणीत. कुणी कुणाकडं बघेना.

वृषालीनं टॅब काढला, शून्य खोडलं. टॅबवर पुढचा प्रश्न आला. तो तिनं दोनदा वाचला.

“काय म्हनतंय ते?” राहीबाईनं विचारलं.

“पूर कशाचा, ते विचारतंय. नदीचा, धरणाचा, की समुद्राचा. ओढा यात नाहीच, आजी. एक काहीतरी निवडल्याशिवाय पुढे जात नाही.”

ओढ्याच्या वरच्या वळणाकडून आवाज आला. कुणी कडब्याची पेंढी वाळूतून ओढत आणावी, तसा.

“मग समुद्र लिव,” राहीबाई म्हणाली. “पन लिव लवकर.”