काळ्यावर काळं

नाडी मोजणाऱ्या मशीनचा प्रोग्रॅम लिहिताना तो यंत्रभाषेत उतरवणारा कंपायलर तिच्या डोक्यावर मिरे वाटत होता. तिची असेंब्ली, म्हणजे हाताने लिहिलेली यंत्रभाषा, मेमरीत नवा आकडा टाकायची, पण वेळ वाचवायच्या नादात हा शहाणा जुनाच धरून बसायचा. वैतागून तिने मध्ये पडद्यावर छापायची ओळ घातली: “मर एकदाचा!” छापून झालं की तो मेमरी पुन्हा वाचायचा; आकडे सरळ! ओळ काढली, की ये रे माझ्या मागल्या. “साहेब, मेमरी बदलते एवढं कंपायलरला सांगायचं राहिलंय. सांगते, पुन्हा तपासू.” “पुन्हा?” साहेब खेकसले. “चालतंय ना, मग हात लावू नकोस. काळ्या पडद्यावर त्या ओळीची अक्षरं काळी कर!” कपाळ बडवत तिने केली. वर्षभराने सासरे दवाखान्यात होते, उशाशी तेच मशीन. उन्हात दिसेना म्हणून नर्सने बटण दाबून पडदा पांढरा केला. सासऱ्यांनी चष्मा चढवून नाडीखालची ओळ वाचली. “सूनबाई, मशीन तुझंच ना? बोलण्यावरून ओळखलं.”