सिरिलची जागा

आयर्लंडमधल्या त्या तळ्यावर मासे धरायची स्पर्धा आठवडाभर चालते. पहिल्या दिवशी जागांसाठी चिठ्ठ्या निघतात. मग रोज जागा सरकते, पण शेजारी शेवटपर्यंत तोच. नॉर्मनच्या नशिबी नेमका सिरिल आला. सिरिलचा गळ रोज याच्या हद्दीत शिरायचा आणि नॉर्मन रोज बोंबलायचा, "अरे म्हाताऱ्या, तळं काय तुझ्या बापाचं आहे?" त्यावर सिरिल दात काढून गळ आणखी अलीकडे टाकायचा.

काल मासे तोलून झाले आणि सिरिल छाती धरून खालीच बसला. नॉर्मन दवाखान्यापर्यंत मागोमाग गेला.

"तुम्ही त्यांचे कोण?" नर्सने विचारलं.

"शेजारी."

त्याला आत सोडलं नाही. आज सकाळीही तो धुमसतच तळ्यावर आला. सिरिलची जागा रिकामी होती. तिच्या पलीकडे बसलेला डर्मट खुशीत म्हणाला, "चैन आहे लेका आपली! मधली जागा रिकामी, म्हणजे तिथलं पाणी आपल्या दोघांचं. नियमच आहे तसा."

नॉर्मनने दातओठ खाल्ले. शिट्टी वाजली आणि डर्मटचा गळ बरोब्बर सिरिलच्या जागेसमोर पडला.

नॉर्मन ताडकन उठला. "उचल तो गळ! आत्ताच्या आत्ता उचल!"

"का म्हणून? तळं काय तुझ्या बापाचं आहे?"



"माझ्या नाही! सिरिलच्या बापाचं आहे!"