मुका भाऊ

नाल्यावरून पाणी घेऊन येणारी रामीबाई त्या सकाळी झोपडीसमोर थांबली. नुसती थांबली नाही, डोक्यावरचे दोन्ही हंडे उतरवून तिने खाली ठेवले. दारात ज्वारी निवडत बसलेल्या प्रेमसिंगचा हात सुपातच राहिला.

सख्खी बहीण. पण प्रेमसिंगने बाप्तिस्मा घेतला, अंगावर भगवी कफनी आणि गळ्यात लाकडी क्रूस घालून तांड्याबाहेर राहू लागला, तेव्हापासून तिने त्याचं नाव टाकलं होतं. बाकीच्यांनी तरी काय कमी केलं? दोनदा झोपडी पेटली. कोणी पेटवली ते विचारत तो फिरला नाही; कपाशीच्या पऱ्हाट्या आणून पुन्हा कूड उभा केला. आई गेली तेव्हाही त्याला तांड्यात पाऊल ठेवू दिलं नाही. तेही त्याने सोसलं. बहिणीचा अबोला मात्र सोसवत नव्हता. रोज सकाळी ती हंडे घेऊन समोरून जायची आणि तो हाक मारायचा, "रामी, बरी हायेस ना व?" ती मान फिरवून चालू लागायची. वर्षानुवर्षं हेच. दिग्रसचे पाळक म्हणायचे, "अहो प्रेमसिंग, भिंतीशी काय बोलता रोज?"

यंदाच्या उपवासकाळात एकवेळच्या जेवणाला त्याने मौनाची जोड दिली. ईस्टरच्या पहाटेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. देवाकडे मागणं एकच, रामीने एकदा बोलावं. आणि आता रामी पुढ्यात उभी, अन् ईस्टर अजून लांब! देवाची पण कमाल असते बघा.

"मेला नाहीस म्हंजे," रामीबाई म्हणाली.

प्रेमसिंगने मान हलवली.

"मंग हाक काहून नाही मारत? होळी झाली, पाडवा झाला, तुही हाक नाही. मले वाटलं, अंदर मरून पडला असन. रोज कान देऊन जातो मी इथून."

कान देऊन! म्हणजे इतकी वर्षं ती ऐकत होती. प्रेमसिंगला इतका आनंद झाला की मांडीवरचं सूप कलंडलं. त्याने ओठांवर बोट ठेवलं, आभाळाकडे हात केला, मग तिला हात जोडले. दिग्रसच्या चर्चमध्ये ही खूण पोरासोरांनाही कळली असती. तांड्यात मौन कोण पाळतं? तिथे न बोलणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर रुसलेला.

"असं व्हय," रामीबाईचा आवाज बसला. "आता तुह्या रुसाची पाळी हाये. बरोबर हाये बापा. म्या का कमी छळलं तुले?"

आणि ती त्याच्या गळ्यात पडून रडू लागली.

दुरावलेलं माणूस भेटलं की तांड्याच्या बाया रडतात, ते तुमच्याआमच्यासारखं नव्हे. ते सुरात असतं, गाण्यासारखं, आणि त्यात मेलेल्यांना हाका असतात. त्याची रीत आहे. भावाने "रो मत, बाई" म्हणायचं, तेव्हा बहिणीने थांबायचं. भावाने तेवढंही म्हटलं नाही, तर नातं संपलं असं समजून उठायचं आणि पुन्हा त्या दारी यायचं नाही. प्रेमसिंगचा जन्म तांड्यातलाच. हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"ए वीरा… ए याडी ये…"

भावाला आणि गेलेल्या आईला, याडीला, ती एकाच सुरात हाका मारत होती. त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. कफनीच्या टोकाने तिचे डोळे पुसले. ती थांबेना. नाल्यावरून येणाऱ्या बाया हंडे घेऊन दूर उभ्या राहिल्या. देवाला दिलेला शब्द त्याच्या जिभेवर धोंड्यासारखा बसला होता. ज्याच्यासाठी उपाशी राहिलो, जाळलेल्या घरात पुन्हा झोपलो, त्याचाच शब्द मोडायचा? रामीबाईने मान वर करून एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिचा सूर उतरत गेला. तिचा एक हात हंड्याकडे वळला.

"रो मत, बाई," प्रेमसिंग म्हणाला.

महिनाभर बंद असलेला आवाज घोगरा निघाला. रामीबाई तिथल्या तिथे थांबली. ओढणीने तिने नाक पुसलं.

आता प्रेमसिंगच रडत होता. "देवाले बोललो होतो, ईस्टरलोक मुका राहीन. मोडलं न माह्या हातून. पण तुले जाऊ कसं देऊ?"

"अन् देवाले मागतलं काय होतं?"

"तू बोलावं."

भरल्या डोळ्यांनी रामीबाईला हसू फुटलं. "येडाच हायेस बापा! बहिणीनं बोलावं म्हणून भाऊ मुका! किती राह्यलं आता?"

"ही पुनव होऊ दे. मंग येते तो ऐतवार."

"मंग राह्य मुका. जे मोडलं ते माह्या नावावर." तिने हंडे सावलीत सरकवले आणि उंबऱ्यावर बसकण मारली. "माह्यापाशी बोलाचं मोप साठलं हाये. तू निस्तं आयक."

प्रेमसिंगने ओठ मिटले.

"याडीपासून सांगतो," रामीबाई म्हणाली. "गेली त्या राती तिले कोनीच वळखू येत नव्हतं. मलेबी नाही. दाराकडे पाहे अन् म्हने, प्रेम्या आला काय? त्याले पानी द्या."

प्रेमसिंगचं तोंड उघडलं. रामीबाईने त्याच्या ओठांवर आपला ओला तळहात ठेवला आणि पुढचं सांगू लागली.