बाईवाली कॅसेट

गायक वारल्याची बातमी वारंगा फाट्यावर सीमानं आणली. ती औरंगाबादच्या वसतिगृहातून सुटीला आली होती. बसमधून उतरली ती पिशवी न ठेवताच उत्तमरावांच्या कॅसेटच्या दुकानात शिरली.

"लोखंडवाल्यांचा गायक गेला," ती म्हणाली. "महिना झाला म्हणे."

शिवहारनं चालू टेप बंद केला.

लोखंडवाले हे नाव शिवहारनंच ठेवलेलं. बँड परदेशातला. गिटारीबरोबर घण, पत्रे, यंत्रांचे पट्टे असलं सगळं वाजवायचा. फाट्यावर त्यांची एकच कॅसेट होती, तीही उत्तमरावांनी कुठून तरी आणून जुन्या कॅसेटवर भरलेली. तिच्यावरून शिवहार आणि त्याची चुलत बहीण सीमा यांची प्रत्येक सुटीत भांडणं व्हायची.

बाकड्याच्या टोकाला थावरा बसला होता. तांड्यावरचा माणूस, जिनिंगवर टेम्पो चालवायचा. त्यानं उपरण्यानं डोळे पुसले.

"घ्या, मामा रडून राहिले!" शिवहार म्हणाला. "मामा, तुमाला इंग्रजी तरी समजतं का?"

"न्हाई समजत. पर ऐकू येतं न्हवं?"

"पोरीचं लग्न आठ दिवसांवर आलं," उत्तमराव म्हणाले, "अन् हा इथं येऊन इंग्रजी गाणे ऐकतो."

"लग्नाचंच काम हाय," थावरा म्हणाला. सगळे हसले. तोही थोडा हसला.

"पुजा कशी आहे?" सीमानं विचारलं.

"गप गप. बायका रोज ढावलो शिकवायला येऊन राहिल्या. सासरी निघताना नवरीनं रडत म्हणायचं गाणं असतं ते. ही तोंडच उघडत न्हाई. म्हणते, जिला याडी न्हाई तिनं कुणाच्या गळ्यात पडून म्हणायचं? आई आठवत बी न्हाई तिला. तरी याडी याडी करते."

सीमानं पिशवी बाकड्यावर ठेवली.

थावरा बाजाराच्या दिवशी यायचा आणि एकच गाणं लावायला सांगायचा. ते मुळात एका जुन्या गायकाचं, संथ. लोखंडवाल्यांनी ते आपल्या पद्धतीनं पुन्हा गायलं होतं. शेवटी यंत्रं एकदम थांबायची आणि एक बाई रडायची. एक लांब ओळ, मग हुंदका, की पुढचं गाणं सुरू.

"त्या बाईपायी हे मुळापेक्षा भारी," असं शिवहारचं म्हणणं. "कोणत्या भाषेत रडते देव जाणे, पर काळीज हालतं."

थावरानं ती कॅसेट कितीदा तरी मागितली होती. उत्तमराव द्यायचे नाहीत. "तिच्यापायी पोरं दुकानात येतात. तुला दुसरी भरून देतो की."

"भरलेली नको. हीच पायजे."

आज सीमानं पिशवीतून सीडी काढली. "ही कंपनीची आहे. ऐका."

उत्तमरावांनी सीडी लावली. यंत्रं वाजली, थांबली. बाई रडली नाही. लगेच पुढचं गाणं लागलं.

"बघ दादा," सीमा म्हणाली. "गाण्यात बाई नाहीच. तू टेपातल्या खोटीवर जीव टाकत होतास."

"सीडीवाल्यांनी काढून टाकली असंल!"

"काहून काढतील?"

"आज तो माणूस मेल्याचं सांगती, अन् आजच त्याच्या गाण्यातली बाई पळवून राहिली तू!"

"मी कशाला पळवू? ती नव्हतीच."

"मामाला विचार! मामाइतकं कुणी ऐकलं न्हाई. सांगा हो मामा हिला."

थावरानं उपरणं खांद्यावर टाकलं.

"सीमाताई बराबर बोलते," तो म्हणाला. "खोट हाय टेपात. ती बाई त्या गाण्यातली न्हाई."

"मामा, तुमी बी?" शिवहारचा चेहरा उतरला.

"मिटलं मग," उत्तमराव म्हणाले. "खोटवाली ठेवून काय करू? लग्नसराई हाय, हिच्यावर बँडबाजा भरून टाकतो."

त्यांनी कॅसेट काढली. थावरा उठून गल्ल्यापाशी गेला.

"तेवढं करू नका. मला द्या, बदल्यात ही घ्या."

दुकानावर पाटीच होती, जुनी कॅसेट आणा, भरलेली घेऊन जा. थावरानं बंडीच्या खिशातून आरत्यांची कॅसेट काढून ठेवली. उत्तमरावांनी ती उलटीसुलटी करून पाहिली.

"ही तर माझ्याच दुकानची. माझंच अक्षर हाय. कुणी नेली होती?"

"घरवालीनं. लई वर्षं झाली. पुजा कडेवर होती तवा."

"बरं, ने. पर गाणे एकाच बाजूला हायेत बरं का. दुसऱ्या बाजूवर मी काहीच भरलं न्हाई."

थावराचा हात कॅसेटवर तसाच राहिला. "काहीच न्हाई?"

"जशी आली तशी हाय."

शिवहार दाराकडं तोंड करून बसला होता. थावरा जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

संध्याकाळी थावरानं घरी टेप लावला. यंत्रांचा खडखडाट सुरू झाला.

"बा, हे काय लावलं?" पुजा म्हणाली. "डोकं उठलं."

"थांब जरा."

यंत्रं थांबली. बाईनं ओळ म्हटली. पुजाच्या हातातली सुई थांबली.

"हा तर ढावलो हाय," ती म्हणाली. "कोण म्हणते?"

"तुझी याडी. टेपात भरला होता तिनं, अन् तीच कॅसेट देऊन आरत्यांची आणली होती."

लग्न उद्यावर आलं आहे. ती एक ओळ पुजाला पाठ झाली. कॅसेटची दुसरी बाजू थावरानं अजून लावलेली नाही.